मधली परवानगी

आसेगाव, ता. मंगरूळपीर
दि. ११ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

स्वस्ति श्रीमत्सकलगुणमंडित, अखंडछायाप्रतिप्रदायक, टंकलेखनधुरंधर, ओळखपत्रावरणकलाविशारद, शिरपूर-बसस्थानक-परिसर-चूडामणी, ‘गावंडे झेरॉक्स व ऑनलाइन सेवा’ या संस्थानाचे एकमेव अधिपती आणि योगायोगाने आमचे व्याही, राजमान्य राजश्री रामरावजी गावंडे यांच्या सेवेशी, आसेगावनिवासी, सार्धसप्तएकरभूपती, सोयाबीन-तूर-उभयकुलदीपक, बी. ए. (संस्कृत, द्वितीय श्रेणी), ग्रामवाचनालयाचे माजी उपकार्यवाह नानाजी अवचार यांचा सविनय नमस्कार.

आरंभीच स्पष्ट करतो की हे पत्र आहे, दूरध्वनी नव्हे. दोन व्याह्यांमध्ये मानाचा प्रश्न उद्भवला असता तो लेखी असावा. तोंडी मानाला पुरावा नसतो. म्हणूनच मी व्याह्यांना फोन करीत नाही, हे माझे धोरण आपण जाणता.

मागील भेटीत आपण आमच्या उंबरठ्यावर उभे होतात. बसला नाहीत, चहा घेतला नाहीत, पाणीदेखील नाकारलेत. लेकीच्या घरचे काही घ्यायचे नाही, हा आपल्या घराण्याचा नियम. नियमाविषयी माझी तक्रार नाही. परंतु काहीही न घेणारा मनुष्य जाताना एक सल्ला मात्र देऊन गेला. आपले शब्द मला स्मरतात : “दुकानातलं मशीन मी रोज संध्याकाळी साफ करतो. कुकी-बिकी काईच ठेवत नाही. तुमीबी तसंच करा.”

मी विषयाचे अध्ययन केले. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या संगणकात ठेवून दिलेली ओळखीची चिठ्ठी. पुढच्या खेपेस चिठ्ठी दिसली की ते आपणास ओळखते; न दिसल्यास ‘आपण कोण?’ असे विचारते. तत्त्वतः ही व्यवस्था निर्दोष आहे. तथापि मी एके दिवशी फवारणी पंपाची किंमत पाहिली, आणि तेव्हापासून पंप माझ्या मागे लागला. पंचांग उघडावे तर कडेला पंप. वर्तमानपत्र उघडावे तर पंप. दूरच्या एका आप्ताची निधनवार्ता वाचत होतो, तिच्या शेजारीही पंप, आणि तो सवलतीत. अशा स्थितीत आपला सल्ला मला श्रुतिवचनासमान वाटला. ब्राउझर बंद होताच सर्व चिठ्ठ्या नष्ट व्हाव्यात, अशी योजना मी केली. पंप अंतर्धान पावला.

परंतु उपचाराने दुसरी व्याधी उत्पन्न केली. तो संगणक सूनबाई निकिताचा. आपल्याकडूनच तिच्यासोबत आलेला. त्यावर ती रोज सकाळी पुण्याच्या एका शिकवणी संस्थेच्या संकेतस्थळावर मुलांच्या गणितातील शंका सोडवते. चिठ्ठी नष्ट झाल्यामुळे ते संकेतस्थळ रोज तिला परकी समजते आणि खात्रीसाठी मोबाइलवर अंक पाठवते. मोबाइल क्रमांक नोंदवला गेला लग्नापूर्वी, म्हणजे तो आपला. अंक शिरपुरास जातात. मग ती आपणास फोन करते, आपण अंक वाचून दाखवता आणि तदनंतर आसेगावात गणित सुरू होते.

आमच्या घरची सून रोज प्रातःकाळी माहेरची संमती घेऊन कामास बसते, असे हे दृश्य आहे. मानाच्या दृष्टीने ते विचारणीय आहे. इतर सर्वांना हाकलून केवळ या एका संकेतस्थळास चिठ्ठी ठेवू द्यावी, असा काही उपाय असल्यास कळवावा. निकितालाच विचारता आले असते. परंतु सुनेपुढे अज्ञान प्रकट करण्याचा प्रसंग माझ्यावर अद्याप आलेला नाही. प्रयागबाईंच्या मते तो रोजच येतो. पतिपत्नींत मतभेद असतात.

आपला,
नानाजी

⁂

शिरपूर जैन
१८ नोव्हेंबर

इवाई, रामराम.

पत्र भेटलं. पयलं पान म्या दुकानात गिऱ्हाइकाले वाचून दाखवलं. तो म्हने, लग्नाची पत्रिका हाय का, किती छापाच्या?

तुमचं काम सोपं हाय. ब्राउझरच्या सेटिंगमंदी कुकीच्या खाली अपवादाची यादी हाय. तिच्यात साइटचं नाव टाकलं की तीन बटनं दिसते. एक बंदीचं. एक बेताच्या परवानगीचं. एक मोकाट परवानगीचं. तुमी पोरीच्या साइटले मधलं बटन दाबा. जास्त मोकळीक देनं बरं नाही. साइट हाय, काय सांगता येते.

अन् फोनचा मले काई तरास नाही. दुकान उघडाच्या लय आधी येते तिचा फोन. नंबर सांगाले कितीसा वेळ लागते? तेवढ्यात ती बोलते थोडंसं. काल म्हने, मामाजीनं तुरीतल्या अळ्याइले संस्कृतात शिव्या देल्या. खरं हाय का? मेल्या का त्या?

निकितीची माय, भागिरथा, जिती होती तवा फोनवर तेच बोले. मी निस्ता बाजूले बसून आयकत जाओ. लेकीच्या सासरी बिनकामाचा फोन करू नये, असं माहं मत हाय. अन् पोरगीबी माह्यासारखीच, बिनकामाचं बोलत नाही. आता हे काम हाय, म्हून चालते.

मोबाइल नंबर बदलाचा असंन तं संस्थेले अर्ज करा लागते. सवडीनं करू. घाई नोका करू.

इहीनबाईले नमस्कार सांगजा.

रामराव

⁂

आसेगाव
दि. ३० नोव्हेंबर २०२४

छायाप्रतिसम्राट, अपवादसूचीप्रवर्तक रामरावजी यांस सप्रेम नमस्कार.

अळ्या मेल्या नाहीत. शिव्या व्याकरणशुद्ध होत्या, इतकेच समाधान.

आपल्या मार्गदर्शनानुसार मी गेल्या रविवारी ओसरीत न्यायासन मांडले आणि एकेका संकेतस्थळास पाचारण करून तिन्ही वर्गांत त्यांची व्यवस्था लावली. पंचांगास कायमची परवानगी, कारण ते आजोबांच्या काळापासून या घरात आहे. वर्तमानपत्रास मधली, कारण ते रोज येते आणि रोज शिळे होते. पंपविक्रेत्यास आजन्म बंदी. वीजबिलाच्या संकेतस्थळासही मी रागाच्या भरात बंदी फर्मावली होती. परंतु मग बिल भरता येईना, तेव्हा दुपारी शिक्षेत सूट द्यावी लागली. निकिताच्या संस्थेस आपण सांगितल्याप्रमाणे मधली परवानगी दिली आणि मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनश्च फोन. टंकनासाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ती फोन मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे पुढील संवाद माझ्या कानी आला. मी ऐकला असे नव्हे, तो आला.

“बाबा, आला का नंबर?”

“आला. थांब, चष्मा पायतो.”

“डोक्यावर असंन.”

“हाव. हायच. लिही. सात.”

“सात.”

“काय भाजी केली वं?”

“मेथी. पुढचा सांगा.”

“तुही माय मेथीत शेंगदान्याचा कूट टाके.”

“मीबी टाकते. पुढचा, बाबा!”

“दोन. इवाई खाते का मेथी?”

“खाते. पन आधी तिच्यावर भाषन देते.”

येथे दोघेही हसलात. मी नोंद घेतली. तोवर अंकांची मुदत संपली, तिने नवे अंक मागवले, आणि संवाद चष्म्यापासून पुन्हा सुरू झाला. इतक्यात प्रयागबाई मागून म्हणाल्या, “तुमचा चहा थंडा झाला. कोनाचं बोलनं आयकून राह्यले?” मी म्हणालो, मी संकेतस्थळाच्या वर्तनाचे निरीक्षण करीत आहे. त्या म्हणाल्या, “मंग हसून कायले राह्यले?”

हा प्रकार त्यानंतरही रोज घडतो. दिवसभर संकेतस्थळ सुनेला ओळखते. रात्री ब्राउझर बंद झाला की सकाळी विसरते. ज्याला परवानगी दिली त्याने कृतघ्न का व्हावे? आपला उपाय निष्फळ ठरला आहे. कारणमीमांसा कळवावी.

आपला,
नानाजी

⁂

शिरपूर जैन
७ डिसेंबर

इवाई, रामराम.

तुमी सारं बरोबर केलं. मशीनले सवय व्हाले वेळ लागते. थंडीत साइटा जड चालते, हेबी एक कारन हाय. संक्रांतीपर्यंत होईन बराबर. तिसऱ्या बटनाले हात नोका लावू.

मेथीच्या भाषनाचं निकितीनं पूरं सांगितलं. दुकानात सांगितलं तं संघदीप म्हने, तुमच्या इवायाले इथं बसवा, गिऱ्हाइक वाट पायत उभं राह्यलं तं त्याचा टाइमपास होईन. संघदीप म्हंजे बाजूचा, मोबाइल दुरुस्तीवाला.

बाकी ठीक.

रामराव

⁂

आसेगाव
दि. २७ डिसेंबर २०२४

रामरावजी,

बिरुदे पुढील पत्रात.

परवा, म्हणजे पंचवीस तारखेस, निकिताने सकाळी आपणास फोन केला. आपण उचलला नाहीत. तिने पुन्हा केला, पुन्हा केला. अंक येत होते आणि शिरपुरात कोठेतरी पडून मरत होते. शंका घेऊन बसलेली मुले दुसऱ्या शिक्षिकेकडे वळवण्यात आली. संध्याकाळी संस्थेचे पत्र आले : असा विलंब पुन्हा घडल्यास सकाळची वेळ दुसऱ्या कोणास देण्यात येईल.

सकाळची वेळ गेली तर काम गेले, कारण दिवसा तिला सवड नसते आणि संध्याकाळी आमच्याकडे वीज नसते. हे काम तिने लग्नाआधी स्वतः मिळवले आहे. त्यातून ती आपल्या एम. एस्सी.चे शुल्क भरते. माझ्याकडे मागत नाही, पती म्हणून हरीओमकडे मागत नाही, आपणाकडेही मागत नसावी.

तिने आपणास दोष दिला नाही. “बाबाच्या दुकानात सुट्टीची गर्दी असंन,” एवढेच म्हणाली आणि भांडी घासू लागली. भांडी आधीच घासलेली होती.

थंडीत संकेतस्थळे जड चालतात, हे आपले विधान मी पुन्हा वाचले. पंचवीस वर्षे संगणकावर बसणारा मनुष्य असे विधान अज्ञानाने करीत नाही. मी कारण विचारत नाही. उपाय विचारतो. तो खरा असावा.

नानाजी अवचार

⁂

शिरपूर जैन
२९ डिसेंबर

इवाई,

हे पत्र मंगरूळच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो. पोस्टानं उशीर होईन. फोन हातात घेतला होता, मंग ठेवून देला.

तिसरं बटन दाबा. मधल्या बटनाची परवानगी ब्राउझर बंद करेपर्यंतच राह्यते. मले ठाऊक होतं.

त्या दिवशी यात्रेकरूच्या दोन गाड्या आल्या, म्हून दुकान पाहाटेच उघडलं. मोबाइल कागदाखाली राह्यला, मशीनच्या आवाजात आयकू आला नाही.

पोरीले मोबाइल नंबर बदलाचा अर्जबी कराले सांगा. तिचा सोताचा नंबर टाका. आता माह्याकडं काई येऊ नोका देऊ.

रामराव

⁂

आसेगाव
दि. २० जानेवारी २०२५

अखंडछायाप्रतिप्रदायक इत्यादी इत्यादी रामरावजी यांस नमस्कार. (बिरुदे पूर्ववत लागू समजावीत.)

आपला उपाय अचूक ठरला. तिसरे बटण दाबल्यापासून संकेतस्थळ निकिताला ओळखते, आदराने आत घेते आणि गणित वेळेवर सुरू होते. तिने क्रमांकही बदलून घेतला; अर्ज एका दिवसात मंजूर झाला. संस्थेने तिची सकाळची वेळ कायम केली आहे. या प्रकरणात आता तक्रारीस जागा उरलेली नाही, आणि तीच माझी अडचण आहे.

संक्रांतीला आपण आला नाहीत. तिळगूळ हरीओमबरोबर पाठवलात. त्या संध्याकाळी निकिताने आपणास फोन केला. हात मोकळे असण्याचे काही कारण नव्हते, तरी सवयीने तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. संवाद पूर्ण देतो, कारण तो लहान आहे.

“बाबा, बरे हाय ना?”

“हाव. तू?”

“हाव.”

“काम चालू हाय?”

“हाव. नंबर नाही लागत आता.”

“बरं झालं.”

“मंग ठेवू?”

“ठेव.”

तिने ठेवला. मग तोच फोन हातात घेऊन ती काही वेळ न्हाणीघराच्या भिंतीकडे पाहत उभी राहिली. त्या भिंतीवर पाहण्यासारखे काही नाही. मी नंतर जाऊन खात्री केली.

प्रयागबाई माझ्याकडे वळल्या. “बरं झालं म्हने! काय बरं झालं? बाप-लेकीचं बोलनं एका बटनानं मिटवलं तुमी.” मी म्हणालो, बटण व्याह्यांच्या लेखी सूचनेवरून दाबले आहे, पत्र उपलब्ध आहे. त्या म्हणाल्या, “पत्राले काय चुलीत घालू? तुमचं ते बी. ए. कोन्या कामाचं?” मग त्यांनी निकिताला हाक मारली. “काहून वं, तुले ते तिसरं बटन ठाऊक नोतं?”

निकिता कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ठाऊक होतं, आत्याबाई.”

“अन् त्या अर्जाचं?”

“तेबी.”

म्हणजे असे की त्या बटणाचे ज्ञान शिरपुरात होते, माजघरात होते, आणि बहुधा चुलीपाशीही होते. केवळ ओसरीतील न्यायासनापर्यंत ते पोहोचले नव्हते.

या विषयावर मी अधिक भाष्य करीत नाही. दोन चौकशा मात्र करतो. आपले दुकान सामान्य दिवशी सकाळी किती वाजता उघडते? आणि आपला मोबाइल क्रमांक तोच आहे ना? दोन्ही प्रश्न निव्वळ शास्त्रीय जिज्ञासेतून उद्भवलेले आहेत.

आपला,
नानाजी

⁂

शिरपूर जैन
३ फेब्रुवारी

इवाई, रामराम.

दुकान दहाले उघडते. नंबर तोच हाय. हे लिहाले बसलो होतो, तेवढ्यात एक गंमत झाली.

परवा सकाळी नऊच्या सुमाराले माह्या मोबाइलवर एका शेतमालाचे भाव सांगनाऱ्या साइटचा नंबर आला. म्या तं कोनत्याच भावाले हात लावला नोता. म्हनलं, फसवनूकवाले असंन. तेवढ्यात निकितीचा फोन. “बाबा, मामाजीले सोयाबीनचा भाव पायचा हाय. तुमच्या मोबाइलवर नंबर आला असंन, सांगा.”

म्या सांगितला. काल पुन्हा आला. आज पुन्हा. आज तिनं सांगितलं, तिची एम. एस्सी.ची परीक्षा कवा हाय, अन् वाशीमले सेंटर भेटलं तं जाता जाता दुकानात येईन म्हने. अन् भागिरथाच्या हातच्या लोनच्याचं विचारलं, मोहरी भाजून टाके का कच्ची. मले कुठं ठाऊक. पन बोलता बोलता आठोलं. कच्ची.

पन इवाई, तुमचा भाव माह्या मोबाइलवर काहून? साइटवर नाव नोंदवताना चुकून माहा नंबर पडला असंन. बदलून घ्या. अन् अपवादाच्या यादीत त्या साइटले तिसरं बटन दाबा, म्हंजे रोज विचारनार नाही. मधलं नोका दाबू. या बारीनं मी खरं सांगून राह्यलो.

रामराव

⁂

आसेगाव
दि. १० फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

स्वस्ति श्रीमत्सकलगुणमंडित, अखंडछायाप्रतिप्रदायक, टंकलेखनधुरंधर, ओळखपत्रावरणकलाविशारद, शिरपूर-बसस्थानक-परिसर-चूडामणी, आणि आता नव्याने त्रिविधबटणतत्त्वज्ञ व आसेगावसंकेतांकपाठक, राजमान्य राजश्री रामरावजी गावंडे यांस नानाजी अवचार यांचा नमस्कार.

आपला सल्ला सविनय अमान्य करण्यात येत आहे. कारणे पुढे देतो.

क्रमांक चुकून पडलेला नाही. तो बदलण्यास अर्ज करावा लागतो, असे कळते. मला सवड नाही. सवडीनं करू. घाई नाही.

त्या संकेतस्थळास मी प्रथम बंदीच्या वर्गात घातले होते, कारण त्याने रोज विसरावे हा माझा हेतू होता. परंतु बंदी असता ते दारातच अडते. अंक देऊनही आत घेत नाही. कायमची परवानगी दिली तर ते एकदाच ओळखेल आणि पुन्हा कधी विचारणार नाही. तेही माझ्या कामाचे नाही. तेव्हा मला मधल्या बटणाचे माहात्म्य उमगले. ज्याला हाकलायचे नाही आणि ज्याने ठाण मांडावे अशीही सोय नाही, त्याच्यासाठी ते आहे. तो सकाळी येतो, आपण कोण हे सांगतो, आपले काम करतो, संध्याकाळी निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आपण आमच्या उंबरठ्यावर चहा न घेता उभे असता, तेव्हा आपली गणना कोणत्या वर्गात करावी हा प्रश्न मला लग्नापासून पडलेला होता. तो आता निकालात निघाला आहे.

निकिताच्या कामास बाधा येणार नाही. तिची शिकवणी साडेआठला संपते. माझा भाव नऊ वाजता. आपले दुकान दहाला. यात्रेकरूंची गर्दी झाल्यास माझा एक दिवसाचा भाव बुडेल, तिचा वर्ग नव्हे. व्याह्यांना मी स्वतः फोन करीत नाही, हे माझे धोरण आपण जाणता. त्यामुळे अंक विचारण्याचे काम सुनेकडे सोपवणे मला भाग पडले. तिने त्रागा केला नाही. “मामाजी, हे बटन तुमी मुद्दाम दाबलं का?” एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, व्याह्यांच्या अठरा नोव्हेंबरच्या पत्रातील सूचनेचे मी तंतोतंत पालन केले आहे. त्यावर ती म्हणाली, “चहा ठेवू का?” मी हो म्हणालो. आमच्या घरी चहा घेतात.

प्रयागबाईंनी माझ्या बी. ए.विषयीचे आपले मत तूर्त राखून ठेवले आहे.

सारांश, ही व्यवस्था बिनकामाची नाही. ती माझे काम आहे. आपल्या नियमास तिने कोठेही धक्का लागत नाही. लागत असल्यास आपण लेखी कळवावे, मी लेखी दुर्लक्ष करीन.

आता तक्रार.

भावाच्या संकेतस्थळाचे अंक अल्पायुषी आहेत, हे आपणास ठाऊक आहे. असे असता सोमवारी आपण तीन अंक सांगितलेत आणि चौथ्याच्या ठिकाणी लोणच्यातली मोहरी सांगितलीत. अंक वाया गेले. मंगळवारी चष्मा खरोखरच सापडेना. बुधवारी सर्व अंक वेळेत मिळाले, परंतु तिकडून आपण आणि इकडून ती, दोघांनाही फोन ठेवण्याचे स्मरण राहिले नाही; आणि तिने सांडशी हातात घेऊन बोलत बोलत, मला भाव दिसण्याआधीच, संगणक बंद केला. त्यानंतरचा वृत्तांत याहून भिन्न नाही. परिणामी सोयाबीन चढले की उतरले, हे मला आठवड्यापासून कळलेले नाही. हरीओमला विचारले तर तो कालचा भाव सांगतो, तोही दुसऱ्याच्या पोत्यांचा. आमची पोती ओसरीत तशीच पडून आहेत, आणि प्रयागबाईंना त्याच जागेवर कुरड्या वाळत घालायच्या आहेत. त्या मला रोज विचारतात, “पोते कवा हालवता?” मी सांगतो, भाव कळू द्या. तरी आपण अंक जरा भरभर सांगाल काय?